तेरा माणसांचा प्लॅन

२६ ऑक्टोबर, रविवार
नव्या घराचा प्लॅन आज पूर्ण झाला. ग्राफ पेपरवर, स्केलसहित, माझ्या हातचा. इंजिनिअर फक्त शिक्क्यापुरता. हायस्कुलात बावीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला चार भिंती काढता येत नसतील तर काय उपयोग?
कुटुंब मोठं. मुंबईचा लवूदादा, वहिनी, त्यांची तीन मुलं. मी, ही, आमच्या दोन मुली. धाकटा दर्शन, त्याची बायको, दोन मुलगे. एकूण तेरा माणसं. सगळ्यांची सोय केली आहे. शिवाय पूर्वेच्या कोपऱ्यात दहा बाय दहाची एक स्टडी. ती सगळ्यांसाठीच. बसणार मुख्यतः मी, पण घरात एकाने तरी शांत बसून विचार केला पाहिजे.
संकल्प: सर्वांचा फीडबॅक घेणार. मोकळ्या मनाने.

२७ ऑक्टोबर
व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकला. लवूदादाचा अंगठा आला. वहिनीने विचारलं, फोटो आडवा आहे की घर आडवं आहे? दर्शन म्हणाला, तेरा माणसांत संडास एकच? मी लिहिलं, शिस्त पाळली तर पुरतो. त्याने उत्तर दिलं नाही, म्हणजे पटलं असावं.
ही म्हणाली, "जिना उतरतो तो थेट गॅसच्या ओट्यावर."
बघितलं. उतरतो खरा.
लोकांना प्लॅन वाचता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

३० ऑक्टोबर, संध्याकाळ
वाईट झालं.
आक्का भात झोडून आली. तुळसाआक्का, आमची सगळ्यात थोरली बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला, तेव्हापासून इथेच. आम्हा तिघा भावांना तिनेच वाढवलं. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसली, म्हणाली, "बगू दे तरी, कसं काडलंस." मी एकेक खोली दाखवली. ही दादाची, ही दर्शनची, ही मुलींची. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि माजी वळकटी कुटं ठेवायची रे?"
मी बोटांवर पुन्हा मोजलं. चौदा.
 माझं बोट आपोआप पूर्वेच्या कोपऱ्यावर गेलं आणि तोंडातून निघालं, "ही काय, ही तुझीच खोली."
 ती कागदावर त्या चौकोनावर हात ठेवून बसून राहिली.
विसरलो असं म्हणता येणार नाही. आक्का घरात इतकी मुरलेली आहे की तिला वेगळं मोजावं लागत नाही. हे एक प्रकारचं प्रेमच आहे.
जेवण गेलं नाही.

१ नोव्हेंबर
तोडगा सापडला. जिना ओट्यावरून हलवायचाच आहे. तो हलवला की त्याच्याखाली सहा बाय चारची जागा निघते. ऊबदार. आक्काला उकाडा तसाही बाधत नाही. उद्या तिला समजावून सांगणार.

२ नोव्हेंबर
सांगितलं नाही. ती चुलीपाशी होती. धूर होता.

४ नोव्हेंबर
भात भरडायला गिरणीत गेलो. चार जण उठून उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, भयनीला सोतंत्र खोली देतास म्हने. आजच्या काळात कोन देतो?" आक्काने गावभर सांगितलं आहे. गिरणीत, विहिरीवर, बचत गटात.
मी म्हटलं, "त्यात काय, कर्तव्य आहे."
असं म्हणायला नको होतं. पण लोक उभे होते.

६ नोव्हेंबर
लवूदादाचा मुंबईहून फोन. बोलता बोलता रडला. "मी थोरला भाव, मला हे सुचलं नाय रे संदेश. तू मोठा झालास." खरं सांगणार होतो, पण रेंज जायची भीती होती म्हणून मध्ये बोललो नाही. तो अकरा मिनिटं बोलला. रेंज गेली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
खेडला अजिंक्यकडे. माझा जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर. त्याच्या चित्रकलेच्या वहीवर मी एकदा 'प्रमाणाचे भान नाही' असा शेरा मारला होता. त्याने लाल पेन घेतलं आणि अत्यंत नम्रपणे माझा प्लॅन लाल केला. न्हाणीघराचं दार उघडलं की कपाट लागतं, कपाट उघडलं की न्हाणीघर बंद होतं. लवूदादाच्या खोलीला खिडकी आहे, दारच नाही.
खरं काम नंतर काढलं. स्टडी ठेवून बहिणीसाठी दुसरीकडे खोली निघेल का?
त्याने मोजलं. म्हणाला, "निघेल की सर. तुमची बेडरूम चौदा बाय सोळा आहे. तीन फूट इकडून, चार तिकडून..."
मी म्हटलं, राहू दे.
परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. सारखं वाटत होतं, तो मनात शेरा लिहून मोकळा झाला.

१२ नोव्हेंबर
नवा प्रस्ताव. खोली सामायिक. झोपायला आक्का, दिवसा मी. दोघांचाही मान राहतो. आक्काला म्हटलं, तू दिवसभर शेतात, खोली मोकळीच असणार, मी आपला कोपऱ्यात बसेन.
ती म्हणाली, "दिवसा पन जरा पडंन म्हनते. आता गुडगं दुकतत."
गुडघे दुखतात हे मला माहीत नव्हतं. हिला विचारलं. ही म्हणाली, तीन वर्षं.

१५ नोव्हेंबर
शाळेतून येताना नव्या घराच्या जागेवरून आलो. कातळावर कुणीतरी चार दगड मांडलेले, दहा पावलं बाय दहा पावलं, पूर्वेच्या कोपऱ्यात. मध्ये आक्का बसली होती. काही करत नव्हती. नुसती पाय पसरून बसली होती.
तिला असं रिकामं बसलेलं मी कधी बघितलं का, ते आठवायचा प्रयत्न केला. मी चित्रकलेच्या कोर्सला गेलो, त्या दोन पावसाळ्यांत माझ्या वाटणीची लावणी तिनेच केली होती. ते आठवलं. तेही आत्ताच आठवलं.
मागच्या वाटेने घरी आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज सांगून टाकलं. ती कुळीथ निवडत होती. मी समोर बसलो. म्हटलं, आक्का, ती खोली तुझ्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती. मी तेराच माणसं मोजली होती. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. नंतर ती परत घ्यायचाही प्रयत्न केला.
तिने सुपातून मान वर केली नाही.
"माहीत हाय. मनस्वीनं त्याच दिवशी वाचून दाखवलान. थयं स्टडी म्हनून लिवलंलं होतंन."
मनस्वी माझी थोरली मुलगी. नववीत आहे. या विषयावर तिच्याशी बोलणार आहे. की नाही बोलणार. बघू.
मी विचारलं, मग बोलली का नाहीस?
"बोलले की. गावभर बोलले. घरातच ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू खोडलं असतंस."
 ती एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "तुला मी वाडवलंय. कुटं पलतोस ते मला कलतं."
मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, जरा उजेडातून सर, दिसत नाय.

२३ नोव्हेंबर, रविवार
अजिंक्यचं पक्कं ड्रॉइंग आलं. माझ्या प्लॅनमधलं त्यात उत्तर दिशेचा बाण तेवढा राहिला आहे. संडास तीन. माझं टेबल मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी. पूर्वेच्या खोलीत 'तुळसा' असं लिहून आलं आहे.
सगळ्यांना दाखवलं. कुणाचीच हरकत नाही. मी कागद गुंडाळत होतो तेवढ्यात आक्का म्हणाली, "एक सांगू का?"
म्हटलं, सांग.
"दाराला कडी आतनं बशीव."
मी म्हटलं, आक्का, घरात सगळी आपलीच माणसं.
ती म्हणाली, "व्हय. पन माज्या जन्मात मी कुटलंच दार आतनं लावलंलं नाय."
ही चटकन आत गेली.  मी तिथेच उभा राहून अजिंक्यला फोन लावला. म्हटलं, पूर्वेची खोली, कडी आतून.
तो म्हणाला, "सर, हे ड्रॉइंगमध्ये दाखवत नाहीत."
म्हटलं, माहीत आहे. तरी लिहून घे.