छायाचित्र क्रमांक सातचा खुलासा

४ नोव्हेंबर
डहाणू रोडला उतरलो आणि पहिल्याच चहात गाव आवडलं. लॉजची खोली हवेशीर. खाली दिवसभर चिकूचे क्रेट चढतात-उतरतात, त्यामुळे खोलीला फुकटचा गोड वास. नवी वही उघडलीय, तर शिरस्त्याप्रमाणे ओळख: मी सुनिल दळवी, वय बावन्न. एकवीस वर्षं एका दैनिकात विनोदी सदर लिहिलं. संपादकांनी ते बंद करून त्या जागी राशिभविष्य मोठं केलं. एकाही वाचकाची तक्रार आली नाही. आता इथे दगडखाणींच्या परवानग्यांसाठी अहवाल लिहायचे. थोडक्यात, थापा मारण्याचा अनुभव वाया जाणार नाही.

कार्यालयाचे मालक नविनभाई तोंडभर हसतात आणि बोलताना फोनकडे बघतात. कॉम्प्युटरवर बसते ती प्रगती, धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली. जिभेला धार अशी की पापलेट साफ व्हावं. पहिलाच प्रश्न: काका, तुम्ही किती दिवस टिकणार? ओळखपत्रही मिळालं. फोटोत मी चक्क हसतोय.

५ नोव्हेंबर
पहिलं काम. झरी गावाच्या पलीकडे उंबऱ्या नावाचा डोंगर आहे. तो फोडून त्याची खडी करायची आहे. अहवालातली एकच ओळ महत्त्वाची: 'माथ्यावर देवस्थान, वस्ती अथवा माणसांचा वावर नाही.' पण वरच्या कार्यालयातून फाइल परत आलीय, लाल शाईत शेरा: 'छायाचित्र क्र. ७ मध्ये माथ्यावर दिसणारी अस्पष्ट वस्तू कोणती, याचा खुलासा करावा.'

फोटो मी भिंग लावून पाहिला. आभाळ स्वच्छ. कातळ स्वच्छ. गवताची काडीन् काडी मोजून घ्यावी. फक्त मधोमध पांढरट डाग, माणसाच्या उंचीचा. नविनभाईंच्या मते लेन्सवर पाणी पडलं असेल. त्यांनी स्वतःच खालच्या पाड्यावरून मोबाइलवर काढलाय. मी म्हटलं, सरकारचं लक्ष असेल, तेही असंच अंधुक असतं. कोणी हसलं नाही.

माझ्या आधी या खुर्चीत दीपेश होता. मूळ अहवाल त्याचा. आता वापीला दुसरीकडे लागला, असं नविनभाई म्हणाले. प्रगतीनं एकही टोमणा न मारता प्रिंटरमध्ये कागद भरायला घेतले. हे तिच्या बाबतीत दुर्मिळ असावं.

७ नोव्हेंबर
पाड्यावर जाऊन आलो. खळ्यावर भात झोडणं चाललेलं. सगळ्यांत वयस्कर जिवली. मी आजी म्हटलं, तर म्हणाली, केस तर तुझेच जास्त पिकलेत. मग कोरा चहा दिला आणि सांगितलं ते असं: माथ्यावर वाघदेव आहे. नवं भात आधी त्याला, मग घरात. वर जाणाऱ्यानं शेवटच्या उंबराखाली उभं राहून आपलं नाव वर ओरडून सांगायचं, मगच पाऊल टाकायचं. कोण येतंय ते देवाला कळायला हवं, बस्स. लिहिण्याआधी दीपेश वर गेलाच नाही. याच खाटेवर बसून, हाच चहा पिऊन त्यानं 'काही नाही' लिहिलं.

फोटो दाखवला. तिनं एकदाच पाहिला, परत दिला आणि हात लुगड्याला पुसला. म्हणाली, सगळं साफ आलं नि हा एकटाच पुसट, म्हणजे तो हालतोय. एवढं पण कळत नाय, साहेब? हात हालवतोय तो.

मी चढलो नाही. गुडघ्याचं कारण दिलं. खरं कारण हे की वर काय आहे ते कळलं असतं, तर लिहावं लागलं असतं.

८ नोव्हेंबर
नविनभाईंना सांगितलं, देव आहे. ते म्हणाले, देव तर कणाकणात आहे दळवीसाहेब, म्हणून काय खडी काढायचीच नाही? विनोद चांगला होता, याचाच जास्त संताप आला. 'धुकं' लिहा म्हणाले. एकवीस वर्षं मंत्र्यांना शिव्या घातल्या, आणि या माणसाला 'नाही' म्हणायला तोंड उघडेना! लिहिलं: 'सदर वस्तू धुके असून माथ्यावर काहीही नाही.' खाली सही. सकाळचे अकरा, बाहेर डोकं फोडणारं ऊन, आणि आत मी धुकं पाडतोय.

१० नोव्हेंबर
हजेरीचं यंत्र अंगठा घेत नाही. प्रगती म्हणाली, काका, चिकूचा चीक लागलाय का? मी साबण, रॉकेल, सगळं करून पाहिलं. अंगठ्यावर रेषाच नाहीत.

ओळखपत्रावरचं हसू गेलंय. चेहऱ्याच्या जागी ओलं बोट फिरवल्यासारखं.

खण उपसला. तळाशी दीपेशचं ओळखपत्र. नाव वाचता येतं. वर पांढरट डाग.

प्रगतीनं ते पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याचंही असंच झालं होतं. घाबरून तो एकटाच वर देवाकडे गेला. नविनभाई खाली थांबले, माथा रिकामा असल्याचा फोटो काढला, तोच क्रमांक सात, आणि निघून आले. त्याची मोटरसायकल अजून पाड्यावर उभी आहे. ही पोलिसात गेली. तिथे म्हणाले, हरवलेल्याचा फोटो आणा. एकाही फोटोत त्याला चेहरा नव्हता.

वापी! काय निर्लज्ज माणूस आहे! आणि मी त्या नविनभाईच्याच पेनानं सही केली.

१२ नोव्हेंबर
लॉजवाल्यानं माझी खोली दुसऱ्याला दिली. मी जिन्यातच उभा होतो. खोली आठवडाभर रिकामीच होती, असं त्याला सांगत होता.

वरच्या कार्यालयातून फाइल पुन्हा परत आली: 'ऐन उन्हात धुके? नवीन छायाचित्र जोडावे.' बरं झालं. मी नवा खुलासा लिहिला. वर देव आहे. वर माणूस आहे. आधीचं खोटं, आणि ते खोटं मी लिहिलं. सही केली, नविनभाईंच्या समोर ठेवला.

त्यांनी प्रगतीला हाक मारून विचारलं, हा बिनसहीचा कागद इथे कोणी टाकला?

मी समोर उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर. ओरडलो. प्रगतीनं दाराकडे बघितलं, जरा भलतीकडे, आणि हळूच म्हणाली, काका?

१३ नोव्हेंबर, सकाळ
पाडा. जिवली डोळे बारीक करून बघत राहिली. कोण हाय, विचारलं. मग एकदम ओळखल्यासारखं — रागानं — म्हणाली, तू पण लिवलंस ना? आता जा, नाव सांग त्याला. त्यालाच सांग.

उंबराखाली उभा आहे. तोंड उघडलं. नाव —

या वहीचं पहिलं पान काढलं. 'मी' आहे. 'वय बावन्न' आहे. मध्ये डाग.

न सांगताच चढतोय. दुसरं काय करू.

माथा
देव आहे. शेंदूर ताजा. भाताच्या लोंब्या. 'काहीही नाही' म्हणे! हरामखोर. मी. मीच.

त्याच्या शेजारी दीपेश. चेहरा नाही, पण शर्ट आहे, खिशाला पेन आहे. हात हलवतोय. थांबत नाही.

त्यानं सरकून जागा केली.

खाली पांढरी जीप. नविनभाई. सोबत टक्कल पडलेला, खांद्याला बॅग — नवा. माझ्या खुर्चीतला. जिवली त्याला चहा देतेय. पिऊ नकोस रे, आधी वर ये, वर बघ —

मोबाइल वर केला त्यांनी. अरे आम्ही आहोत! दोघं आहोत! दिसत नाही का, गाढवांनो —

दीपेश, थांब. हलू नकोस. स्थिर उभं राहिलं की साफ येऊ. एक क्षण. एकच —

माझाही डावा हात थांबत नाही. लिहिणारा उजवा गुडघ्यानं वहीवर दाबून धरलाय, तोही आता वर