उद्या पाठीमागे असतो

प्रिय सेवेरिना,

तुझा निरोप ऐकला. उत्तर फोनवर देणार नाही. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतलाय. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यातून उठायची तुझी जुनी खोड आहे.

तुझी नोएमी मजेत आहे. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते. घरी मला मावशी म्हणते, शाळेत बाई; एकदाही चुकत नाही, बया शहाणी आहे. सध्या पहिलीला कॅलेंडर शिकवतेय आणि तिला ते सगळ्यांआधी यायला हवंय. का, ते तुला वेगळं सांगायला नको. "गावच्या जत्रेला येते" म्हणून तू साओ पावलोची बस धरलीस. गेल्या जत्रेला आली नाहीस, तर म्हणते कशी, "कुठल्या जत्रेला ते सांगायचंच विसरली आई. ह्याच असणार."

पुस्तकात लिहिलंय, जमिनीवर दिवसांचे चौकोन आखा, मुलांना 'आज'वर उभं करा. 'उद्या' म्हटलं की त्यांनी एक पाऊल पुढे टाकायचं. आपल्याकडचा ऑगस्टातला वारा तुला ठाऊक आहे, खडूची रेघ टिकेल तर शपथ. शेवटी अंगणात दगड मांडले, दिवसाला एक, थेट जत्रेच्या दिवसापर्यंत. सगळ्यांना उभं केलं आणि म्हटलं, "चला, उद्यावर!" अख्खा वर्ग एक पाऊल मागे गेला. वळून न बघता, सगळे एकदम.

खाली सपाटीवरच्या सांताक्रूझ शहरातून आलेले आमचे नवे एदगार मास्तर हसून हसून वाकले. "हुस्तिनाबाई, तुमची पोरं उलटी चालतात!" मी म्हटलं, "उलटं काय त्यात? काल आपण पाहिलाय, तो डोळ्यांसमोर. उद्या कुणी पाहिलाय? तो पाठीमागेच असणार." आपली आई नाही का, उद्याचं काही बोलताना अंगठा खांद्यावरून मागे करायची? आपण पठारावरची आयमारा माणसं सगळीच करतो, मीही करते. पण ते एवढ्याशा पावलांत उतरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. खरं सांगते, अंगावर सर्रकन काटा आला.

"अशाने आपटाल की!" मास्तर म्हणाले. नोएमी फणकारली, "म्हणून तर हळू जायचं, सर. आणि एक हात मागे धरायचा."

मग मला म्हणाली, "बाई, मी जत्रेपर्यंत जाऊन बघू?" निघाली. दगडामागून दगड, मागे मागे, हात चाचपडत, मेंढ्यांच्या वाड्यावरून थेट फाटकाशी. जत्रेच्या दगडाशी थांबली. रस्त्याकडे पाठ, डोळे घट्ट मिटलेले. मी विचारलं, "काय गं करतेस?" तर म्हणाली, "आई मागून येणार ना. मी वळायचं नाही. ती येईल आणि माझे डोळे झाकेल."

एदगार मास्तर नाक शिंकरायला कोपऱ्यात गेले. आणि मी बघतच राहिले, सेवेरिना. जे दिसत नाही, त्याच्या भरवशावर एवढीशी पोर अशी ताठ उभी. मी हिला काय शिकवणार? तेव्हापासून रोज शाळा सुटली की ती तिथे जाऊन उभी राहते.

आता तुझ्या निरोपाचं. मालक रजा देत नाही, यंदाही जमणार नाही, ताई, तूच सांग तिला, असं तू म्हणालीस. मी नाही सांगणार. घड्याळ शिकवीन, महिने शिकवीन, पण हे एक शिकवणार नाही. सांगायचंच असेल तर तू येऊन सांग. कुणाला कळवू नकोस. वळणावर उतर, रस्त्याने चालत फाटकाकडे ये. ती फाटकाशी असेल, तुझ्याकडे पाठ करून. हाक मारू नकोस. शिलाई करून करून तुझे हात खरखरीत झाले असतील; असू देत. तसेच तिच्या डोळ्यांवर ठेव.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
थोरली हुस्तिना