डाव्या जबड्याखाली

१२ जानेवारी, सोमवार
आज कापलंच मी ह्यांना! जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या केलेला माणूस, आता रोज सकाळी स्टुलावर बसून माझ्यापुढे मान वर करतो. उजवा हात मांडीवर थरथरत असतो, तो डाव्याने दाबून धरतो. सलूनला कुलूप. डाव्या जबड्याखाली वस्तरा टेकवायला मला धीरच होत नाही, म्हणून तिथे रोज चार केस राहतात. "शेत राहिलं बघ," हे चिडवतात. आज म्हटलं, राहू द्यायचे नाहीत. तर रक्त! माझा जीव वर-खाली, आणि हे हसतायत — "अगं, गिऱ्हाईक पळेल अशानं."

१५ जानेवारी, गुरुवार
कोपऱ्यावरचे डॉक्टर इतके दिवस गोळ्या बदलत म्हणत होते, वय झालं, चालायचंच. कसलं वय! आज न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं. ह्यांच्या हातून कोळ्याचं जाळं उमटलं. हे बघत राहिले त्याच्याकडे. मला रडू आवरेना.
गोळ्यांनी व्हायचं ते झालं, न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आता ऑपरेशनचा विचार करा. पण मेंदूचा प्रत्येक सर्जन हे करत नाही. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, जिथे न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून ठरवतात. "आणि अशी ऑपरेशनं किती केलीत, ते बिनधास्त विचारा."

२१ जानेवारी, बुधवार
विचारलं मी! सर्जनबाई रागावल्या नाहीत, उलट खुर्ची जवळ ओढून सगळं समजावलं. डोक्याला एक चौकट घट्ट बसवायची, चौकटीसकट स्कॅन काढायचा. मग चौकटीवरच्या खुणांवरून आतल्या एका बारीक जागेचा पत्ता काढायचा — किती आडवं, किती उभं, किती खोल. लहानसं भोक पाडून सुईसारखी तार नेमकी तिथे न्यायची. आधी थोडा करंट देऊन बघतात: हात थांबतो का, जीभ तर जड होत नाही ना. सगळं ठीक असेल तरच तेवढीच जागा तापवून बंद करायची. उजव्या हातासाठी डोक्याची डावी बाजू! आणि पेशंट जागा हवा, नाहीतर कळणार कसं?
धोकाही सांगितला. क्वचित आत रक्तस्राव. कधी बोलणं अडखळतं.
"बोलणं गेलं तर सलून चालायचं कसं?" हे म्हणाले. सगळे हसले. मी नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार
उद्या. वॉर्डात दाढी मीच केली. सिस्टर म्हणाल्या, दाढीला आमचा माणूस आहे की. मी म्हटलं, असू दे. फेस पुसताना मनात आलं — हात बरा झाला की ही सकाळ माझी राहणार नाही. असलं कसलं मेलं मन माझं! बरा होऊ दे. बोलताही येऊ दे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
बोलले! "चहा मिळेल का?" एवढंच. स्पष्ट! मी तिथेच, सगळ्यांसमोर, ह्यांच्या हातावर डोकं ठेवून रडले. हात थरथरत नव्हता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
घरी. आता ह्यांच्या तोंडाला खळ नाही. चौकटीचे स्क्रू पिळले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं म्हणे, बधिर केलं होतं तरी. मग सर्जनबाईंनी करंट दिला आणि म्हणाल्या, हात उचला, काका. ह्यांनी उचलला आणि सवयीने दोन बोटांची कात्री हवेत चालवली, गिऱ्हाइकाच्या केसांना हात लावण्याआधी चालवायचे तशी. कच कच कच. "बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी माझे केस तुमच्याकडेच."
दाढी करू का विचारलं. म्हणाले, टाके काढेपर्यंत राहू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज स्वतः केली. आरशासमोर उभं राहून, शीळ घालत. गाल लोण्यासारखा. डाव्या जबड्याखालीसुद्धा! उद्या सलून उघडणार म्हणतात. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते, उगीचच. किती आनंद व्हायला हवा! झालाही. स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
स्टूल खाली. हे त्यावर बसलेले, मान वर. सगळी दाढी झालेली, फक्त डाव्या जबड्याखाली फेस तसाच. वस्तरा माझ्यापुढे धरला, जराही न हलवता. "इथे माझा हात पोचत नाही."
काल पोचला होता.