आबाचा मुंडा

मेळघाट, ६ नोव्हेंबर १९९४
ती. गोजराअक्कांस फुलवंतीचा शि. सा. न. वि. वि.
अक्का, माझा भाऊ, आपल्या सोमजीचा बाप, त्याचा आबा, तापाने गेला. आई तर पोराला आठवतही नाही. दर रविवारी तुम्ही त्याला जेवू घालता, म्हणून तुम्हालाच लिहिते. सत्तावीसला त्याची निवडीची शर्यत आहे. कळलं तर तो सगळं टाकून निघेल, आणि ते खेळाडूंचं वसतिगृह परत घेणार नाही. तोवर जीभ आवरा. आम्हा कोरकूंची पोरं रानात पळतात ती कुणी बघत नाही. याला कुणीतरी बघितलंय.
लोभ आहे, तो पोरावरही राहू द्या.

शिवाजीनगर, बेंगळूर, १३ नोव्हेंबर
चि. फुलवंतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.
बाई, जीभ आवरली गं, हात कुठे आवरू? सोमजी आला तसा मोरीत बसवून डोक्यावरून पाणी घातलं. आमच्यात मरणाची बातमी आली की आधी अंघोळ. वाटलं, पोराला काय कळतंय! पण माझे दीर गेले तेव्हा त्याने हेच बघितलेलं. ओल्या डोक्याने वर बघून विचारलं, कोण गेलं? मला खोटं बोलवेना. स्वल्प भात खा म्हटलं, तर ताट सरकवलं. रडला नाही, तेच वाईट. म्हणतो, आबाच्या नावाची ती कोरलेली फळी, मुंडा, मीच रोवणार, निघतो. तुझं पत्र येईतो थांब, अशी शपथ घातलीय. उलट टपाली लिही.
रागाव, पण लोभ तोडू नकोस.
गोजराअक्का

मेळघाट, १९ नोव्हेंबर
ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.
रागावू कशी? अंघोळ घातलीत, म्हणजे घरचाच मानलात. त्याला वाचून दाखवा: सोमजी, अक्कांचं सुतक दहा दिवसांचं, आपल्या मुंड्याला घाई नसते. साग वाळायचाय, कोरायचाय. वर्षं गेली तरी मेलेला माणूस वाट बघतो. तुझ्यावाचून कुणी रोवणार नाही. आबा कुठे पळत नाही, तू पळ. कोरणारा विचारतोय, चंद्रसूर्याखाली रीतीप्रमाणे घोड्यावरचा माणूस कोरू ना?
आमचा भार वाटू देऊ नये.
फुलवंती

बेंगळूर, २७ नोव्हेंबर
चि. फुलवंतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.
शर्यतीला उभा राहिला तोही गावी जायला भरलेली पिशवी माझ्या मांडीवर ठेवून. आधी सगळ्यांच्या मागे. माझा जीव टांगणीला. शेवटच्या फेरीत एकदा मागे वळून बघितलं आणि जो सुटला! दुसरा आला, निवडला गेला. मी झापलं, पळताना मागे कशाला बघतोस रे गाढवा? म्हणाला, रानात आबा नेहमी मागून पळत यायचा. मग माझ्या पदरात तोंड खुपसून पहिल्यांदा रडला. पिशवी माझ्याकडेच ठेवून वसतिगृहात गेलाय.
आता लोभ कसला मागायचा, सोयरेच झालो.
गोजराअक्का

ता. क. कोरणाऱ्याला त्याचा निरोप: घोडा नको. आबा पायीच कोर, पळणारा.