शाम्पू सोडल्यावर जे जे झालं ते

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, भावोजींचा खोकला बसला का, आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी ते भुंकणारं कुत्रं अखेर कुणाला दिलं का? मी बरी आहे. म्हणजे तशी बरीच आहे. पत्रात मधेच अक्षर बदललेलं दिसेल, त्याचं कारण मी सारखी उठतेय. एकदा नळ बंद आहे का बघायला, एकदा तो खरंच बंद आहे का बघायला, आणि एकदा नुसतीच. (तू म्हणशील, हिच्या पायाला लहानपणापासूनच भिंगरी. या खेपेला ती पायाला नव्हती, डोक्यात होती.)

झालं असं की थंडीत माझं डोकं खाजायला लागलं. साधंसुधं नव्हे, उशीवर डोकं टेकलं की आत कुणीतरी चपला घालून फिरतंय असं वाटायचं. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा बसवताना माझा एक हात त्याच्या कानामागे आणि दुसरा माझ्या. फ्रेमचे स्क्रू पिळायच्या बारक्या स्क्रूड्रायव्हरने मी डोकं खाजवते हे मालकांनी पाहिलं. त्यांनी कामासाठी दुसरा स्क्रूड्रायव्हर आणून ठेवला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना हातमोजे चढवायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात त्यांनी माझं डोकं पाहिलं आणि म्हणाले, "शाम्पू बंद." मग लावू काय, असं विचारेपर्यंत माझ्या खुर्चीत पुढचा पेशंट बसला होता. ताई, हे बंद करा, ते बंद करा म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. त्याच्या जागी काय सुरू करायचं ते सांगायच्या वेळी सगळ्यांना घाई असते.

सुरुवात अंड्यापासून केली, कारण मालकांच्या बायकोचे केस चांगले आहेत आणि ती म्हणाली अंडं. (नंतर कळलं की ती अंडं खाते.) दोन अंडी फेटून डोक्यावर ओतली आणि नेहमीच्या सवयीने कढत पाणी घेतलं. ऑम्लेट व्हायला फार उष्णता लागत नाही, हे इतकी वर्षं स्वयंपाक करूनही माझ्या ध्यानात राहिलं नाही. नेमका तेव्हाच चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला आणि मी तशीच धावले. त्याला दिसलं ते एवढंच, की आईच्या डोक्यातून काहीतरी पिवळं, गुठळ्यागुठळ्यांचं बाहेर येतंय आणि आई हसतेय. तो किंचाळला, सून किंचाळली. ते अंडं आहे हे पटवायला मला टरफलं कॅमेऱ्यासमोर धरावी लागली. तरी तो म्हणालाच, "आई, आता पुरे. फ्लॅट विकू आणि तू इकडे ये." हे तुला त्याने फोन करून सांगितलंच असेल, कारण दुसऱ्या दिवशी तूही मला तेच ऐकवलंस. त्याच्याकडची ती खोली मी पाहिली आहे, ताई. तिथे व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. तिच्या शेजारी मला ठेवायचा विचार आहे.

म्हणून मी हट्टाला पेटले. आपलं डोकं आपल्याला धुता येतं एवढं तरी जगाला दाखवायचं होतं. खाण्याचा सोडा आधी आणि व्हिनेगर नंतर, असं दुकानात काचा घासणारा म्हणाला होता. दोन्हींच्या मधे भरपूर पाणी घालायचं, हेही म्हणाला असेल. पण वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं मला कधी जमलंय? सोड्याच्या लगद्यावर मी थेट व्हिनेगर ओतलं. डोकं असं फसफसलं की बाटलीचं झाकण उडाल्यासारखा आवाज मला आतून ऐकू आला. केस वाळले ते केरसुणीसारखे, आणि वास गेला नाही तो नाहीच. आमच्या कामात गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड नेल्याशिवाय फ्रेम नीट बसत नाही. एक आजोबा म्हणाले, या नव्या नंबरने डोळ्यांना पाणी येतं. मालकांनी त्यांचा नंबर पुन्हा तपासला, पुन्हा पाणी आलं. मग मालक माझ्याजवळ आले, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी मला उरलेला दिवस सुटी दिली.

आता मातीचं सांगते आणि मग विषयावर येते. चेहऱ्याला लावतात ती माती, आणि ती एकजीव व्हावी म्हणून गव्हाचं पीठ (ही भर माझी). लावताना गार वाटलं, जरा वेळ डोकं शांतही झालं. धुवायला गेले तर केसांतून पाणी आत जाईना आणि थोड्या वेळाने मोरीतून बाहेर जाईना. मी घागरीवर घागर ओततेय आणि पाणी घोट्यापर्यंत आलंय, एवढ्यात दाराची घंटा वाजली. टॉवेल गुंडाळून दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. (मी त्यांना 'खालचे' म्हणते. जिन्यात दिसले की मान हलवायची, एवढीच ओळख.) त्यांच्या हातात भिंतीवरचं एक मोठं घड्याळ होतं आणि त्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. माझ्या कानावरूनही तेच ठिबकत होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्याकडून आमच्याकडे काहीतरी येतंय."

प्लंबरने पाइपातून जो गोळा काढला तो त्याने खिडकीत ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिला. "काकू, इथे बांधकाम काढायचं होतं तर आधी सांगायचं." मला हसू फुटलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच. हे गेल्यापासून मी माणसांसमोर रडले नव्हते, ताई, तुझ्यासमोरसुद्धा नाही, आणि रडले ती मोरीत, पीठ लावून. चिरंजीव म्हणतो तेच खरं, आता मला एकटीला झेपत नाही, असं काहीतरी मी बडबडत होते. खालच्यांनी घड्याळ खाली ठेवलं आणि म्हणाले, "झेपतंय की. फक्त पीठ नको होतं."

त्यानंतर दर रविवारी ते वर येऊन विचारायचे, "आज काय आहे?" (म्हणजे छताखाली बादली ठेवायची की पातेलं.) एका रविवारी रिठे उकळूनच घेऊन आले. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की माणूस नाचतो, म्हणून डोकं मागे करून बसायचं आणि दुसऱ्याने पाणी घालायचं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरात, बेसिनला पाठ करून, मी खुर्चीवर बसले. (दार सताड उघडं होतं आणि पाइप बदलायला शिडीवर प्लंबर होता. तू काळजी करू नकोस.) ते प्रत्येक तांब्या आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघत होते, कढत नाही ना. त्यांचा हात बारीक स्प्रिंगा धरणारा, घाई नाहीच त्याला. ताई, मी तेवढा वेळ हलले नाही. नळ बंद आहे का, गॅस बंद आहे का, काही म्हणजे काही आठवलं नाही. डोळे उघडले तेव्हा प्लंबर कधीच निघून गेला होता.

असो. रिठ्याने केस मऊ होतात, पण जरा कोरडे. तुला करून पाहायचं असेल तर रिठे रात्री भिजत घाल. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नोंदणी कचेरीत यायला जमेल का? सह्यांना साक्षीदार लागतात. एक प्लंबर आहे, दुसरे आमचे मालक. तिसरी तू असावीस अशी फार इच्छा आहे. तू नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे, पण मग तिथल्या बाकावर मला स्वस्थ बसता येणार नाही.

आणखी एक. चिरंजीवांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगावंस. तू इतकी वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होतीस, तुझ्यासमोर तो अजूनही हात मागे घेऊन उभा राहतो. फ्लॅट विकायचा नाही, हेही त्यातच सांग.

लिहावं की नको असं होत होतं, पण लिहितेच. काल पुन्हा डॉक्टरांकडे गेले, या खेपेला त्यांनी नीट पाहिलं. शाम्पूचा काही दोष नव्हता. खाज तू विणून पाठवलेल्या लोकरीच्या टोपीची होती. (रंग मात्र सुरेख आहे.)

शेवटचं. उत्तर पत्राने देऊ नकोस, तेवढा धीर मला निघणार नाही. फोन कर. रविवारी सकाळी केलास आणि पुरुषाचा आवाज आला, तर चुकीचा नंबर म्हणून ठेवून देऊ नकोस. मी केस धूत असेन.