अस्तराच्या चुण्या

प्रिय ठमे, म्हणजे कालपासून डॉक्टर ठमे,

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत पास झाल्याचा तुझा फोन आला आणि दुकानात येईल त्याला मी ते ऐकवत सुटलोय. तीन आठवड्यांपूर्वीच्या तुझ्या भाषणाला मागच्या रांगेत बसलो होतो ना, तेव्हाच मला कळलं होतं. निम्मं डोक्यावरून गेलं, खोटं कशाला बोलू! पण तू म्हणालीस की पेशीच्या केंद्रकाला आतून प्रथिनांचं अस्तर असतं, ते त्याचा आकार धरून ठेवतं, आणि कॅन्सरमध्ये ते बिघडलं की केंद्रक वेडंवाकडं होतं, त्याला चुण्या पडतात. अस्तर! चुण्या! भर सभेत माझ्या दुकानातले शब्द. शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसून सांगितलं, पोरगी माझी आहे. ते जरा सरकून बसले.

लहानपणी तू गिऱ्हाइकांचे कोट उलटे करून आतली शिवण बघायचीस आणि मी ओरडायचो. समोरच्या इस्त्रीवाल्याचा अजून समज आहे की तू कुठेतरी अस्तरं शिवतेस. मी तो मोडत नाही, फारसं चूक नाहीये ते.

आता माझा मूर्खपणा. भाषणाच्या आधी महिनाभर शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. वजन तेवढंच, गळा मात्र अर्धा इंच जास्त. चाळीस वर्षं लोकांचे गळे मोजणाऱ्या माणसाने काय केलं? बटण सरकवून लावलं. एकदा नव्हे, दोनदा. तुझं ऐकून घरी आलो, तेव्हा पहिल्यांदा कापड सोडून गळा चाचपला.

थायरॉईडची गाठ होती. कॅन्सरच निघाला. घाबरू नकोस, सोमवारी ती काढली, टाके माझ्यापेक्षा बारीक घातलेत, आणि डॉक्टर म्हणतात वेळेत आलात. तुझी परीक्षा होईपर्यंत आईला मीच शपथ घालून गप्प बसवलं, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव. तपासणीच्या कागदावर लिहिलंय, केंद्रकांना चुण्या. मी हसलो, डॉक्टर बघतच राहिले. गाठीचा उरलेला तुकडा संशोधनाला देता का, त्यांनी विचारलं, मी लगेच सही केली. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला असल्या तुकड्यांच्या बिननावाच्या काचा येतात ना? त्यातली एखादी माझी असेल. तुला कळणार नाही, कळायची गरजही नाही. फक्त लहानपणी बघायचीस तशी आतली बाजू नीट बघ. या वेळी मी ओरडणार नाही.

तुझाच, गळ्यात अर्धा इंच कमी झालेला,
बाबा