स्टोअरमधले तीन आठवडे

प्रिय ठमे,

तुझं पत्र काल पोचलं. गवंडीकाम शिकवणाऱ्या केंद्राने बांधकामावर पाठवलेल्या सहा मुलींपैकी फक्त तुलाच मुख्य मिस्त्रींनी कायमचं ठेवून घ्यायचं म्हटलंय, हे वाचून मी आधी देवापुढे हात जोडले आणि मग शेजारच्या काकूंना हाक मारली. पोरगी गवंडी झाली तर जावई काय भांडी घासणार, असं सहा महिने ऐकवत होत्या ना? त्याच काकू आता विचारतात, आमच्या मोरीची भिंत ओलावते, ती बघून जाईल का गं? मी म्हटलं, विचारते हो, तिला वेळ आहे का ते! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

पण खालची ओळ वाचली आणि हातातला चहा निवला. तू लिहिलंस, ‘ज्या माणसाने तीन आठवडे मला स्टोअरमध्ये सिमेंटची पोती मोजायला बसवलं, त्याच्या हाताखाली राबणार नाही, शनिवारी नाही म्हणून सांगणार.’ तुझा राग मला कळतो. बाकीच्या पाचजणी बांबूच्या परांचीवर चढून विटा लावत होत्या आणि तू खाली फावडी-घमेली लिहून घेत होतीस. फोनवर रडली नाहीस, पण जेवलीस का विचारलं तर फोनच ठेवलास. बाबा तर म्हणाले, जाऊन दोन शब्द सुनावतो त्या मिस्त्रीला. मीच त्यांना अडवलं.

मग एक कारागीर आला नाही आणि तू कुणाला न विचारता वर चढलीस. चार थर लावलेस, ओळंबा सोडलास आणि भिंत सुतासारखी सरळ. मिस्त्री खालून नुसते बघत राहिले, हे तू रागाने सांगितलं होतंस. त्या दिवसापासून तू वरच आहेस. तुमच्या प्रमाणपत्रांच्या समारंभाला आले तेव्हा ती भिंत मी पाहिली, विटांवरून हात फिरवून पाहिली. बाबांनी तर लेव्हलची पट्टीच मागून घेतली, जसं काही त्यांना त्यातलं कळतं!

त्याच समारंभात तू मिस्त्रींच्या पुढून मान वळवून गेलीस. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, पाणी प्यायले आणि निघून गेले. तेव्हापासून माझं पूजेत लक्ष नाही. काल तुझी ती ओळ वाचली आणि ठरवलं, आता पुरे.

ठमे, तुला स्टोअरमध्ये मी बसवलं. पहिल्या दिवशी तुला सोडायला आले होते, तू आत फॉर्म भरत होतीस. ती चार मजले उंच परांची पाहिली आणि मनात आलं, पोरगी वरून पडली तर? मिस्त्रींना बाजूला घेतलं आणि चक्क खोटं बोलले. म्हटलं, दादा, पोरीला उंचावर चक्कर येते, लाजेपायी सांगत नाही, तिला खालीच ठेवा. आणि मी बोलले ते तिला कळू देऊ नका. ते म्हणाले, ताई, माझ्याही मुली आहेत, काळजी करू नका. त्यांनी शब्द पाळला. तुझे टोमणे खाल्ले, बाईमाणूस म्हणून डावललं असा आळ सोसला, तरी माझं नाव काढलं नाही. नोकरी नाकारायची तर खुशाल नाकार, पण त्यांच्या चुकीसाठी नको. ती त्यांची नव्हतीच. त्यांची माफी मागायला मी शुक्रवारी येते आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही, हे पाकीट पोस्टात टाकायला त्यांच्याच हाती देतेय, म्हणून चिकटवलंय. मला काय बोलायचं ते शुक्रवारी तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. एवढं लिहिलं आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला बघ.

तुझीच, चुकलेली
आई